घरच्या संगणकावरील एकाच फोल्डरला पासवर्ड लावता येतो का?

दप्तरी

नमस्कार मंडळी. आमच्या घरी एकच संगणक आहे आणि तो सर्वांचा आहे. मुलगा त्यावर खेळतो, मुलगी महाविद्यालयाचे प्रकल्प करते, सौ. भजनी मंडळाचे हिशेब ठेवतात आणि सुट्टीत येणारे भाचे त्यावर काय करतात हे मी विचारत नाही. त्याच संगणकावर माझे एक फोल्डर आहे. त्यात सातबारा उतारे, खरेदीखताच्या स्कॅन केलेल्या प्रती, आयकर विवरणपत्रे, भाडेकरूचा करारनामा व त्याची ओळखपत्रे आणि वडिलांचे वैद्यकीय अहवाल आहेत. बाकी सारे खुले राहावे आणि हे एकच फोल्डर पासवर्ड विचारल्याशिवाय उघडू नये, एवढीच माझी अपेक्षा आहे.

विंडोज ११ ची होम आवृत्ती आहे. फोल्डरवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज व त्यातील ॲडव्हान्स्डमध्ये गेल्यास एन्क्रिप्ट करण्याची (म्हणजे मजकूर किल्लीशिवाय वाचता येणार नाही असा बदलण्याची) चौकट दिसते, परंतु ती फिकट असून तिच्यावर खूण करता येत नाही. मोबाइलवर एकेका ॲपला कुलूप लावता येते, मग एवढ्या मोठ्या संगणकाला हे का जमू नये, हे मला खरोखर कळलेले नाही. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

तारांगण

दप्तरीसाहेब, ती चौकट ईएफएस नावाच्या सोयीची आहे. ही सोय विंडोज २००० पासून आहे, परंतु आज ती प्रो, एंटरप्राइज आणि एज्युकेशन या आवृत्त्यांतच चालते, म्हणून होममध्ये ती फिकट दिसते. मात्र केवळ त्यासाठी पैसे भरून प्रो आवृत्ती घेऊ नका, कारण आपल्याला हवे ते तिथेही मिळणार नाही. ईएफएस फोल्डर उघडताना पासवर्ड विचारतच नाही. ज्या खात्याने फाइल एन्क्रिप्ट केली त्या खात्यात लॉगिन केलेले असेल, तर ती सरळ उघडते.

याचे कारण विंडोजच्या रचनेत आहे. तिथे फाइलचे अधिकार वापरकर्त्याच्या खात्याशी जोडलेले असतात आणि आपण कोण, हे लॉगिन करताना एकदाच विचारले जाते. त्यामुळे घरात चार माणसे असतील तर चार खाती असावीत, मुलांची खाती स्टँडर्ड प्रकारची असावीत आणि प्रशासकाचे खाते फक्त आपल्याकडे असावे, अशी मूळ अपेक्षा आहे. तसे केल्यास आपले डॉक्युमेंट्स फोल्डर मुलांच्या खात्यातून उघडणार नाही. याला कोणतेही सॉफ्टवेअर लागत नाही.

गंमतगोटी

फोल्डरला 'अभियांत्रिकी गणित, भाग २' असे नाव द्यावे. आमच्या घरात गेली कित्येक वर्षे त्याला कोणीही हात लावलेला नाही.

शंकेखोर

तारांगण यांचा सल्ला तत्त्वतः योग्य आहे, परंतु ज्या घरात संगणक सकाळी सुरू होतो आणि रात्री बंद होतो, तिथे दर वेळी खाते बदलण्याची शिस्त पाळली जाईल यावर माझा विश्वास नाही. दुसऱ्याच दिवशी सर्व जण दप्तरींच्याच खात्यात बसलेले दिसतील. त्यापेक्षा फोल्डर लॉक करणारी विनामूल्य सॉफ्टवेअर भरपूर आहेत. तेही नको असेल तर नोटपॅडमध्ये पंधरा-वीस ओळी लिहून बनवायची एक बॅच फाइल सर्वत्र फिरत असते. तिच्यावर दोनदा क्लिक केले की फोल्डर नाहीसे होते, आणि पुन्हा क्लिक करून पासवर्ड दिला की परत येते. घरगुती वापराला याहून अधिक काय हवे?

टर्मिनलबाबा

शंकेखोर, ती बॅच फाइल मी उघडून पाहिलेली आहे, आणि कोणालाही ती तशीच उघडून पाहता येते, हाच तिचा मुख्य दोष आहे. तिच्यावर राइट क्लिक करून एडिट निवडले की ती नोटपॅडमध्ये उघडते आणि 'इफ नॉट' अशा शब्दांनी सुरू होणाऱ्या ओळीत आपला पासवर्ड साध्या अक्षरांत लिहिलेला दिसतो. त्या ओळींचे काम एवढेच की फोल्डरचे नाव बदलून 'कंट्रोल पॅनेल' करायचे, त्यापुढे महिरपी कंसात एक लांबलचक संकेतांक जोडायचा, म्हणजे विंडोज त्याला स्वतःचे कंट्रोल पॅनेल समजू लागते, आणि मग ॲट्रिब या आज्ञेने त्याला लपवून टाकायचे. आतील एकाही फाइलचे एकही अक्षर बदललेले नसते.

विकत मिळणारी कित्येक सॉफ्टवेअरही जराशी अधिक नीटनेटकी, पण याच जातीची असतात. विंडोज चालू असताना ती मध्ये उभी राहतात आणि वाट अडवतात. पेन ड्राइव्हवर लिनक्स, म्हणजे विंडोजऐवजी संगणक चालवणारी दुसरी प्रणाली, घालून संगणक त्यावरून सुरू केला की विंडोजही नसते आणि ती अडवणूकही नसते. डिस्कवरील सर्व फोल्डर, लपवलेल्यांसह, ओळीने समोर येतात. दारावर पडदा लावला म्हणजे कुलूप लावले असे होत नाही. फोल्डर दिसू न देणे आणि फोल्डरमधील मजकूर वाचता न येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दुसरी फक्त एन्क्रिप्शनने साधते.

शंकेखोर

बाबा, आपले म्हणणे मान्य आहे, पण आपण कोणापासून लपवत आहोत हे आधी ठरवायला नको का? दप्तरींचे भाचे पेन ड्राइव्हवर लिनक्स घालून मामाचे सातबारे वाचणार आहेत काय? मुलाने चुकून एखादी फाइल पुसू नये एवढाच हेतू असेल, तर पडदाही पुरेसा आहे, आणि पडद्याची किल्ली हरवत नाही.

ताळेबंद

शंकेखोर यांनी योग्य प्रश्न विचारला आहे, परंतु त्याचे उत्तर घराच्या चार भिंतींत मिळणार नाही. मी नाशिकला सनदी लेखापाल म्हणून व्यवसाय करतो. ग्राहकांची कागदपत्रे घरातल्या माणसांनी वाचल्याचे प्रसंग मी फारसे पाहिलेले नाहीत. संगणक दुरुस्तीला जातो, जुना विकला जातो किंवा प्रवासात चोरीला जातो, तेव्हा खरा प्रश्न उभा राहतो. दुरुस्तीच्या दुकानात यंत्र ठेवून घेताना पावतीवरच लॉगिन पासवर्ड लिहून मागतात आणि आपण तो मुकाट्याने देतो. २००८ मध्ये हाँगकाँगमधील एका अभिनेत्याची खासगी छायाचित्रे जगभर पसरली, तीही दुरुस्तीसाठी दिलेल्या लॅपटॉपमधूनच बाहेर पडली होती. दप्तरींच्या फोल्डरमध्ये तर भाडेकरूची ओळखपत्रेही आहेत, म्हणजे जपणूक केवळ स्वतःची नाही.

मी सेव्हन-झिप वापरतो. ते विनामूल्य आहे. फोल्डरवर राइट क्लिक करून 'ॲड टू आर्काइव्ह' निवडावे, प्रकार सेव्हन-झेड ठेवावा, पासवर्ड द्यावा आणि त्याखालील 'एन्क्रिप्ट फाइल नेम्स' या चौकटीवर न विसरता खूण करावी. ती खूण केली नाही तर फाइल उघडत नाहीत, पण त्यांची नावे पासवर्डशिवायही दिसतात. 'बाबांची बायॉप्सी' असे फाइलचे नाव असेल तर ती उघडण्याची गरज कोणाला उरते? सेव्हन-झेड प्रकारात एईएस-२५६ हे भक्कम एन्क्रिप्शन असते. जुन्या झिप प्रकारातील मूळ पद्धत मात्र वापरू नये. एली बिहॅम आणि पॉल कोचर यांनी १९९४ मध्येच तिच्यातील कच्चे दुवे दाखवून दिले होते.

या मार्गाचा एक दोष आधीच सांगून ठेवतो. संग्रहातील फाइलवर दोनदा क्लिक करून ती वाचली, की तिची उघडी प्रत तेवढ्यापुरती विंडोजच्या टेम्प फोल्डरमध्ये उतरते आणि संगणक मध्येच बंद पडला तर तिथेच राहून जाते. म्हणून वर्ष संपलेल्या, पुन्हा न बदलणाऱ्या कागदांना हा उपाय चांगला आहे, पण रोज हाताळायच्या फाइलना तो गैरसोयीचा आहे.

गंमतगोटी

ई-आधारची पीडीएफ तर पासवर्डसह येते. मग ती तशीच ठेवली तर चालेल ना?

ताळेबंद

चालणार नाही. त्या पीडीएफचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरे आणि त्यापुढे जन्मवर्ष, हे सर्वांना माहीत आहे. फाइलवर नाव लिहिलेलेच असते. उरले जन्मवर्ष, आणि हयात माणसांची जन्मवर्षे साधारण शंभर. हाताने टाकून पाहिली तरी दुपारच्या चहापर्यंत काम होते. अनेक बँकांच्या खातेउताऱ्यांचे पासवर्डही नाव आणि जन्मतारीख यांवरच बेतलेले असतात. ती पाठवण्यापुरती सोय आहे, साठवण्यासाठी तिचा आधार घेऊ नये.

मिनेसोटाची_माई

आमच्याकडे मॅक आहे आणि तिथे हे काम कोणतेही सॉफ्टवेअर न घेता होते. डिस्क युटिलिटी उघडून फाइल मेनूतून नवी इमेज (म्हणजे डिस्कसारखी उघडणारी एक फाइल), त्यात 'इमेज फ्रॉम फोल्डर' निवडायचे, एन्क्रिप्शन १२८ किंवा २५६ बिट ठेवायचे, पुढे भर घालायची असेल तर प्रकार 'रीड-राइट' निवडायचा आणि पासवर्ड द्यायचा. पुढे त्या इमेजवर दोनदा क्लिक केले की पासवर्ड विचारला जातो आणि ती पेन ड्राइव्हसारखी उघडते. त्या खिडकीत 'पासवर्ड कीचेनमध्ये लक्षात ठेवा' अशी चौकट असते, तिच्यावर खूण मात्र करू नये, नाहीतर यंत्रासमोर बसलेल्या कोणालाही ती आपोआप उघडून मिळेल. दप्तरीभाऊंना याचा थेट उपयोग नाही हे कळते, पण मुले परदेशी आणि मॅक आईवडिलांकडे, अशी घरे इथे वाचणाऱ्यांत बरीच असतील.

टर्मिनलबाबा

माई म्हणतात तेच विंडोजवर व्हेराक्रिप्टने होते, आणि दप्तरींच्या मूळ अपेक्षेच्या सर्वांत जवळचे उत्तर हेच आहे. ट्रूक्रिप्ट नावाचे एक प्रसिद्ध सॉफ्टवेअर होते. मे २०१४ मध्ये त्याच्या निनावी कर्त्यांनी ते अचानक बंद केले. त्याच्याच आधारावर २०१३ मध्ये व्हेराक्रिप्ट सुरू झालेले होते आणि ते आजही सांभाळले जाते. ते विनामूल्य असून त्याची संहिता सर्वांसाठी खुली आहे.

'क्रिएट व्हॉल्यूम' दाबल्यावर पहिलाच पर्याय एन्क्रिप्टेड फाइल कंटेनरचा, म्हणजे कुलूपबंद पेटीसारख्या एका फाइलचा, येतो, तो घ्यावा. मग फाइलची जागा व नाव, नंतर एईएस तसेच राहू द्यावे, आणि आकार सांगावा. कागदपत्रांना दहा जीबी पुष्कळ झाले. पासवर्ड वीस अक्षरांपेक्षा लहान असेल तर ते सॉफ्टवेअर स्वतःच हटकते. पुढच्या पडद्यावर माउस खिडकीत वेडावाकडा फिरवायला सांगितले जाते. तो थट्टेचा भाग नसून त्या हालचालींतून किल्लीसाठी लागणारी यादृच्छिकता गोळा होत असते, म्हणून पट्टी भरेपर्यंत फिरवत राहावे. काम झाल्यावर दहा जीबीची एकच फाइल तयार होते. मुख्य खिडकीत एखादे रिकामे अक्षर, समजा 'पी', निवडून ती फाइल दाखवावी, माउंट दाबावे आणि पासवर्ड द्यावा. 'धिस पीसी'मध्ये 'पी' नावाची नवी ड्राइव्ह दिसू लागते. तिच्यात वर्ड, एक्सेल, पीडीएफ नेहमीसारखे उघडावे, बदलावे, साठवावे. उठताना ड्राइव्ह बंद केली की पुन्हा ती एक न कळणारी फाइल उरते. पेन ड्राइव्हवरून लिनक्स सुरू करणाऱ्यालाही तेवढीच दिसते.

जोडाक्षर

एक शंका. पासवर्ड मराठीत, म्हणजे देवनागरीत ठेवता येईल का? वीस अक्षरे म्हटल्यावर तोंडपाठ ओवीच टाकावी असे मनात आले.

तारांगण

कंटेनरसाठी देवनागरी चालते, तरीही ती टाळावी. 'सुऱ्या' हा शब्द घ्या. त्यातील रफाराचे वेगळे रूप काही कीबोर्ड नुक्त्याच्या ऱ पासून बनवतात, तर काही साध्या र पुढे हलंत आणि एक अदृश्य जोडचिन्ह घालून बनवतात. दोन्ही पडद्यावर एकसारखी दिसतात, पण संगणकाच्या लेखी ती निराळी आहेत. इन्स्क्रिप्ट या कीबोर्डवर दिलेला पासवर्ड उद्या दुसऱ्या कीबोर्डवर टंकल्यास लागेलच असे नाही, आणि पासवर्डच्या जागी ठिपकेच दिसत असल्याने चूक कुठे आहे हेही कळणार नाही. शब्द मराठी असू द्यावेत, पण ते रोमन लिपीत आणि आपल्या ठरलेल्या पद्धतीने लिहावेत.

गणिती

ओवीच्या कल्पनेलाही माझा विरोध आहे. जे लाखो लोकांना पाठ आहे ते यंत्रालाही पाठ करून देता येते. पासवर्ड फोडणारी सॉफ्टवेअर प्रसिद्ध वचनांच्या याद्या घेऊनच कामाला लागतात. त्यापेक्षा अर्नोल्ड राइनहोल्ड यांची १९९५ पासूनची डाइसवेअर ही रीत वापरावी. पाच फाशांच्या एका फेकीत ७,७७६ शक्यता असतात आणि तेवढ्याच शब्दांची यादी समोर ठेवून प्रत्येक फेकीला एक शब्द घ्यायचा. असे सहा शब्द घेतले की शक्यतांची संख्या २२ वर बावीस शून्ये एवढी होते. ताळेबंद यांनी सांगितलेल्या शंभर जन्मवर्षांशी हे ताडून पाहावे. शब्द एकमेकांशी विसंगत असणे हेच त्यांचे बळ आहे, त्यामुळे न आवडलेला शब्द बदलून 'अर्थपूर्ण' वाक्य करण्याचा मोह आवरावा.

शंकेखोर

आता माझी खरी शंका मांडतो. माझ्या चुलत्यांनी आयुष्यभर सर्व हिशेब नीट ठेवले आणि शेवटच्या काळात ते एका पासवर्डमागे बंद केले. ते गेल्यावर काकूंना मुदत ठेवींच्या पावत्यांसाठी प्रत्येक बँकेच्या शाखेत फिरावे लागले, कारण यादी त्या फाइलमध्ये होती आणि फाइल आजतागायत उघडलेली नाही. बाबांच्या भक्कम एन्क्रिप्शनने चोराला अडवले जाईल हे मान्य आहे, पण वारसालाही ते तितक्याच निष्ठेने अडवते. दप्तरींच्या फोल्डरमध्ये खरेदीखते आहेत. ही जोखीम कोणी हिशेबात घेतली आहे का?

टर्मिनलबाबा

शंकेखोर, या वेळी माझ्याकडे प्रतिवाद नाही. व्हेराक्रिप्टमध्ये 'पासवर्ड विसरलात?' असे बटण नाही आणि ते असते तर मी ते सुचवले नसते.

कलम_आणि_पोटकलम

मी वकिली करते, म्हणून यातील कायद्याचा भाग सांगते. पुष्कळ लोक मृत्युपत्रातच पासवर्ड लिहून ठेवण्याचा विचार करतात. तसे करू नये. मृत्युपत्र नोंदवलेले असेल तर ते करणारी व्यक्ती हयात असेपर्यंत त्याची नक्कल इतरांना मिळत नाही, परंतु निधनानंतर नोंदणी कायद्याच्या कलम ५७ प्रमाणे कोणीही अर्ज करून ती घेऊ शकतो. मृत्युपत्रात 'अमुक कपाटातील मोहोरबंद पाकीट पत्नीला द्यावे' एवढेच लिहावे आणि पासवर्ड त्या पाकिटात हस्ताक्षरात ठेवावा. तो बदलला की पाकीटही बदलावे. बँकेत लॉकर असेल तर पाकिटाला ती जागा उत्तम, पण लॉकरवर दुसऱ्याचे नाव किंवा नामनिर्देशन आहे याची खातरजमा आधी करावी.

आणखी एक. नोंदवलेल्या खरेदीखताची प्रमाणित नक्कल दुय्यम निबंधक कार्यालयातून पुन्हा मिळू शकते आणि सातबारा तर महाभूलेखवर आहेच. स्कॅन केलेली प्रत गेली म्हणून मालकी जात नाही. ठेवी, विमा पॉलिसी आणि म्युच्युअल फंड यांची यादी मात्र दुसरीकडे सहजासहजी एकत्र मिळत नाही. ती एक पानभर यादी, रकमा न लिहिता, कागदावरच असू द्यावी.

गंमतगोटी

वकीलताई, पोलिसांनी पासवर्ड मागितला तर द्यावा लागतो का? माझ्याकडे फक्त अभियांत्रिकी गणित आहे, सहज विचारले.

कलम_आणि_पोटकलम

माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९ खाली सक्षम अधिकाऱ्याने रीतसर आदेश काढल्यास एन्क्रिप्ट केलेली माहिती उलगडण्यास साहाय्य करावे लागते आणि नकार दिल्यास सात वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती करता येत नाही या घटनेच्या कलम २०(३) मधील संरक्षणाशी याचा मेळ कसा घालायचा, हा वेगळा आणि मोठा वाद आहे. तो इथे नको.

ताळेबंद

बॅकअपबद्दल अजून कोणी बोललेले नाही. दहा जीबीचा कंटेनर म्हणजे सर्व कागद एकाच फाइलमध्ये. ती फाइल कोणी पुसू शकतो, आणि खंडणीखोर व्हायरस आपले एन्क्रिप्शन तसेच ठेवून त्यावर स्वतःचे दुसरे चढवू शकतो. मे २०१७ मधील वॉनाक्रायच्या वेळी लोकांच्या फाइल अशाच अडकल्या होत्या. म्हणून कंटेनरची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर हवी आणि ती डिस्क एरवी संगणकाला जोडलेली नसावी.

इथे व्हेराक्रिप्टची एक खोड लक्षात ठेवावी. कंटेनरमध्ये काहीही बदल केला तरी त्या फाइलची 'शेवटी बदलल्याची' तारीख ते मुद्दाम जुनीच ठेवते. त्यामुळे तारीख पाहून प्रत घेणाऱ्या बॅकअप सॉफ्टवेअरला वाटते की काहीच बदलले नाही आणि ते ती फाइल सोडून देते. प्रेफरन्सेसमध्ये तारीख जपण्याची जी चौकट आहे तिची खूण काढून टाकावी. बाहेरच्या डिस्कवरील कंटेनर महिन्यातून एकदा प्रत्यक्ष उघडून पाहावा.

दप्तरी

सर्वांचे मनापासून आभार. या रविवारी बसून एवढे केले आहे. मुलांची दोन स्टँडर्ड खाती उघडली. शंकेखोर म्हणतात तसे ते माझ्याच खात्यात बसतील हे गृहीत धरून आठ जीबीचा कंटेनरही केला आणि सर्व कागद त्यात हलवले. पासवर्ड सहा शब्दांचा आहे, फासे सौ.नी टाकले, आणि पाकिटही त्यांच्याच हाती दिले आहे. ठेवींची यादी कागदावर उतरवली.

आता दोन प्रश्न उरले. एक, जुन्या फोल्डरमधील मूळ फाइल शिफ्ट व डिलीटने काढल्या, त्या खरोखर गेल्या का? दोन, भाडेकरूच्या ओळखपत्राचे नाव शोधून पाहिले तर ते आणखी तीन ठिकाणी सापडले. डाउनलोड्समध्ये, स्कॅनरच्या सॉफ्टवेअरने स्वतःच उघडलेल्या फोल्डरमध्ये आणि व्हॉट्सॲपच्या डेस्कटॉप आवृत्तीत.

तारांगण

पहिल्याचे उत्तर डिस्कवर अवलंबून आहे. जुनी फिरती हार्ड डिस्क असेल तर पुसलेला मजकूर परत मिळवता येतो, म्हणून कमांड प्रॉम्प्टमध्ये सायफर ही आज्ञा 'डब्ल्यू' या पर्यायासह चालवावी. ती रिकाम्या जागेवर तीनदा लिहिते, त्यामुळे रात्री लावून झोपावे. एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली नवी डिस्क, असेल तर ट्रिम नावाची सोय पुसलेली जागा बहुधा स्वतःच मोकळी करते आणि तिथे वरून लिहिण्याने फारशी खात्री वाढत नाही. त्या डिस्कसाठी सेटिंग्जमधील प्रायव्हसी अँड सिक्युरिटीखाली 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' दिसते का ते पाहावे. होम आवृत्तीतही काही यंत्रांवर ते असते. चालू केल्यावर लगेच त्याची ४८ आकडी रिकव्हरी की कागदावर उतरवून त्याच पाकिटात ठेवावी.

दुसऱ्याचे उत्तर म्हणजे त्या तिन्ही ठिकाणच्या प्रती हाताने काढणे. स्कॅनरच्या सेटिंगमध्ये साठवण्याची जागा बदलून 'पी' ड्राइव्ह द्यावी, म्हणजे ती माउंट केल्याशिवाय स्कॅन साठवलेच जाणार नाही.

शंकेखोर

आणि व्हॉट्सॲपवरची तीच प्रत दप्तरींच्या मोबाइलच्या गॅलरीतही असणार.

दप्तरी

आहे. सौ.च्या मोबाइलमध्येही आहे, आणि भाडेकरूने ती सोसायटीच्या गटावर टाकलेली होती. त्यासाठी नवा धागा काढतो.